सोमवारचा कोपरा

सोमवार हा शाळेच्या सुट्टीचा वार. गाडी शिकवायच्या त्या शाळेच्या सहाही गाड्या आवारात भिंतीला नाक लावून उभ्या होत्या, आणि घरची माणसं मात्र नऊच्या आत इस्त्रीचे कपडे घालून स्वयंपाकघरात गोळा झाली होती. सुट्टीच्या दिवशी हे घर इतक्या लवकर फक्त भांडायला उठतं, असं वहिनी म्हणायची. आज तर भांडण घरात करायचंही नव्हतं. ते अकरा वाजता नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, नियोजन समितीपुढे, चारचौघांत करायचं होतं.

ताईने चहाचा कप उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"पितेयस की गिअर टाकतेयस?" दादाने विचारलं.

"तू गप्प बस. चार नंबरचा आरसा फोडणाऱ्याने मला शिकवू नये."

"मी नाही फोडला."

"मग काय, आरसा स्वतःच कंटाळून पडला?"

हा वाद तीन महिने चालू होता. चार नंबरच्या गाडीचा बाहेरचा आरसा एका मंगळवारी सकाळी तुटलेला सापडला. उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं असेल, असं धाकट्याने तेव्हा सांगितलं, पण ताईचा संशय दादावर, कारण दादाचा इतिहासच तसा. पंधरा वर्षांपूर्वी त्याने आवाराच्या फाटकाचा खांब पाडला होता, आणि मास्तरांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, त्याला घरचा कायदा लावला होता. कायदा साधा होता. या घरात ज्याच्या हातून ठोकर होईल त्याने गाडीला लाल पाटी लावून, शिकाऊ म्हणून, पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची. पंचेचाळिशीचा दादा घामाघूम होऊन गाडी चालवतोय आणि शेजारी बसलेली धाकटी बहीण "क्लच! अरे क्लच!" म्हणून खेकसतेय, हे बघायला तेव्हा अर्धं गाव शाळेजवळच्या कोपऱ्यावर जमलं होतं. ताईला 'क्लचबाई' हे नाव आधीपासूनच होतं. त्या आठवड्यात ते पक्कं झालं.

"धाकटा कुठाय?" मास्तरांनी विचारलं. ऐंशी उलटलेले मास्तर टेबलाच्या टोकाला काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते.

"गेला पुढे. बिल्डरच्या गाडीतून," वहिनी म्हणाली.

"पट्टा लावला होता का त्याने?"

"मागच्या सीटवर होता, बाबा."

"मागच्यांनाही कायदा आहे," मास्तर म्हणाले, आणि पावाला लोणी लावू लागले. मुलगा बिल्डरच्या गाडीत बसला यापेक्षा तो पट्ट्याशिवाय बसला असेल, याचीच काळजी त्यांच्या तोंडावर दिसत होती.

भांडणाचं मूळ धाकट्यानेच दोन महिन्यांपूर्वी या टेबलावर आणून ठेवलं होतं. शेजारचं बंद पडलेलं सुताचं गोदाम पाडून तिथे चार मजली व्यापारी संकुल उभं राहणार होतं. खाली दुकानं, वर कचेऱ्या, तळघरात दोनशे गाड्यांची सोय. एवढ्या गाड्यांना बाहेर पडायला वाट हवी, आणि ती वाट बिल्डरने नकाशावर शाळेच्या आवारातून काढली होती, थेट कोपऱ्यावर. आवार दिलं तर धाकट्याला तळमजल्यावर दर्शनी दुकान मिळणार होतं, विजेच्या स्कूटर विकायला. शाळेसाठी गावाबाहेर जागा बघू, असं तो म्हणाला होता. बघू म्हणजे काय, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. 'बघू' हा शब्द ती स्वतः नापास होणाऱ्यांना वापरायची.

जमीन मास्तरांच्या नावावर होती. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि निकाल देण्याऐवजी आपलं जुनंच वाक्य टाकलं, "घरच्यांची परीक्षा घरच्यांनी घ्यायची नसते." स्वतःच्या एकाही मुलाला त्यांनी स्वतः पास केलं नव्हतं, प्रत्येक वेळी बाहेरचा परीक्षक आणला होता. "समितीने तो रस्ता मंजूर केला तर मी सही करतो. नाही केला तर हा विषय या घरात परत काढायचा नाही. कोणीही."

म्हणजे आज दुपारपर्यंत ठरणार होतं. ताई छप्पन्न वर्षांची होती आणि त्यातली एकतीस वर्षं तिने त्या आवारात काढली होती. लग्नाचं वय दुसऱ्यांचे क्लच दाबण्यात निघून गेलं, असं ती स्वतःच हसत सांगायची. पण आवार गेलं तर मी कोण, हा प्रश्न गेले दोन महिने तिच्या उशाशी बसून होता, आणि त्यावर तिला काही केल्या हसू येत नव्हतं.

"वही घेतलीस ना?" तिने वहिनीला विचारलं.

"दोन्ही घेतल्या. मूळ आणि नक्कल."

वही हे त्यांचं शस्त्र होतं. बिल्डरचा सल्लागार म्हणत होता की कोपऱ्यावर वर्दळ कमी आहे, आणखी गाड्या सहज मावतील. हे ऐकून नणंद-भावजय मंगळवार, बुधवार, गुरुवार अशा तीन दिवस कोपऱ्यावर स्टुलं टाकून बसल्या होत्या आणि डोळ्यांत तेल घालून त्यांनी एकेक गाडी रेघेने मोजली होती. ताई आकडा पुकारी, वहिनी रेघ ओढी. तीन दिवसांत पाच हजार सातशे तीस गाड्या.

"तू कोणाकडून आहेस?" ताईने निघताना दादाला शेवटचं विचारलं.

"मी मास्तरांची काठी धरायला आलोय," दादा म्हणाला. दादाला घरात न्यूट्रल म्हणत, ते उगीच नव्हे.

*

समितीच्या दालनात पंखे होते, पण ते फक्त अध्यक्षांच्या टेबलावर फिरत होते. मधोमध अध्यक्षीणबाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना चार सदस्य. समोर डावीकडे बिल्डर, त्याचा सल्लागार, आणि त्यांच्या रांगेत नवा शर्ट घातलेला धाकटा. उजवीकडे ताईचा पक्ष. धाकट्याने एकदा बहिणीकडे पाहिलं आणि मग खिशातला रुमाल नीट घडी करून परत खिशात ठेवला.

अध्यक्षीणबाई तीनदा नापास होऊन चौथ्यांदा ताईच्या हाताखालून पास झाल्या होत्या. ताईला बघताच त्यांची मान आपोआप आधी एका खांद्यावरून आणि मग दुसऱ्या खांद्यावरून वळली.

"आता मी बघते हं आरशात," त्या म्हणाल्या, आणि लगेच घसा खाकरून अध्यक्ष झाल्या. "हं. सल्लागारांनी मांडावं."

सल्लागार तरुण होता, स्वच्छ होता, आणि त्याच्याकडे रंगीत नकाशा होता. पडद्यावर कोपरा हिरवागार दिसत होता. खांबावर कॅमेरा लावून त्याने आठवडाभर मोजणी केली होती. "इथे वाहनांचा सरासरी वेग ताशी सतरा किलोमीटर आहे. फार सुरक्षित वेग. आणि गेल्या बारा वर्षांत या कोपऱ्यावर एकाही अपघाताची नोंद नाही. असा शांत कोपरा मी तरी पाहिलेला नाही. संकुलाच्या गाड्या इथून सहज बाहेर पडतील."

ताई उठली. तिने तीन दिवसांचा आकडा मोठ्या आवाजात सांगितला, वही टेबलावर आपटली आणि म्हणाली, "याला वर्दळ कमी म्हणतात? आम्ही प्रत्यक्ष बसून मोजलंय. कॅमेरा चहा प्यायला जात नसेल, पण आम्हीही गेलो नाही! हवं ते विचारा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सल्लागाराने वही उघडली आणि दोन पानं उलटली. "रेघेच्या पुढे हे बारीक आकडे कसले? एक, चार, दोन, सहा, एक..."

"गाडीचा नंबर," वहिनी अभिमानाने म्हणाली. "शाळेची गाडी गेली की तिचा नंबर लिहिते मी. वीस वर्षांची सवय आहे. कोणाच्या किती फेऱ्या झाल्या ते कळायला नको?"

"म्हणजे तुमच्या शाळेच्या गाड्या यात धरल्यात?"

"मग? त्या काय विमानं आहेत?" ताई म्हणाली, आणि वाक्य संपायच्या आतच तिने वहीकडे हात नेला.

वहिनीने बोट फिरवत मोजायला सुरुवात केली. दालन थांबलं. पानामागून पान उलटत होतं आणि वहिनीचा आवाज बारीक होत चालला होता. "बाराशे... बाराशे सहा," ती शेवटी म्हणाली.

"सहा गाड्या," सल्लागार नम्रपणे म्हणाला, "बाराशे सहा वेळा."

आधी एक सदस्य हसले, मग दुसरे, मग सगळं दालन. बिल्डर तर डोळे पुसत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही बाराशे सहा वेळा! शाळेची गाडी आवाराच्या पुढच्या फाटकातून निघते, कोपऱ्यावर वळते, गोदामाला वळसा घालून मागच्या फाटकातून आत येते आणि सात मिनिटांनी पुन्हा कोपऱ्यावर हजर होते. एकतीस वर्षं हा फेरा बघून त्या गाड्या ताईला गाड्या म्हणून दिसतच नव्हत्या. ती फक्त पुकारत होती आणि वहिनी इमानाने रेघ ओढत होती. आपल्या हातानेच आपण आवार घालवलं, असं तिला वाटलं, आणि मास्तरांकडे बघायचीही तिला हिंमत झाली नाही.

मास्तर मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गाडी बंद पडली तर पडली. घाबरायचं नाही. परत सुरू करायची."

हे वाक्य ते गेली साठ वर्षं म्हणत होते. ते ज्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त वेळा म्हटलं गेलं होतं, तो ताईच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. लाल पाटीची गाडी वळणावर आचका देऊन बंद पडलेली आणि मागे सगळी रांग मुकाट्याने उभी.

"एक विचारू?" ताई सल्लागाराला म्हणाली. "तुमच्या कॅमेऱ्यात आमच्या गाड्या आहेत का?"

"कॅमेरा सगळंच मोजतो, मॅडम."

"आणि तो सतराचा वेग?"

सल्लागार हसायचा थांबला.

"आमची पोरं तिथे दहाच्या पुढे जात नाहीत. अर्धी तर वळणावरच बंद पडतात. मागची गाडी काय उडून जाईल? तुमचा कोपरा शांत नाहीये हो. आम्ही तो अडवून धरलाय! तुमच्या कॅमेऱ्यात सोमवार आहे का? सोमवारी शाळा बंद असते."

"सोमवार..." सल्लागाराने संगणकात डोकं घातलं. "आहे. पण सोमवारचे आकडे बाकी आठवड्याशी जुळत नव्हते. म्हणून मी तो दिवस अपवाद धरून वगळला."

"सोमवारचा वेग किती आहे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"त्रेचाळीस," तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि लगेच सावरला. "पण वेग म्हणजे धोका नव्हे. बारा वर्षांत सोमवारीसुद्धा एकही अपघात झालेला नाही. नोंदच सांगते."

अध्यक्षीणबाईंनी पेन टेबलावर वाजवलं. "ते मात्र खरं. नोंदीबाहेर समितीला जाता येत नाही. आहे कोणाकडे काही?"

ताईने दादाकडे पाहिलं. दादा मास्तरांकडे बघत नव्हता, अध्यक्षांकडे बघत नव्हता. तो समोरच्या रांगेतल्या धाकट्याकडे टक लावून बघत होता, आणि धाकटा रुमालाची घडी मोडून परत घालत होता.

मग धाकटा उभा राहिला.

"झालाय एक," तो म्हणाला. "नोंदवला नाही."

बिल्डरने त्याची बाही ओढली. धाकट्याने ती सोडवून घेतली.

"तीन महिने झाले. सोमवार होता. बिल्डरसाहेबांकडे नकाशा बघायला निघालो होतो, चार नंबर घेऊन. कोपऱ्यावर वळत होतो आणि मागून एक व्हॅन आली. हॉर्न नाही, काही नाही. आरसा घेऊन गेली. अजून वीतभर आत असती तर दार गेलं असतं, आणि दाराबरोबर मी." त्याने मास्तरांकडे पाहिलं. "मी घरी खोटं सांगितलं. कारण... आमच्या घरी एक कायदा आहे."

दालनातल्या निम्म्या लोकांना तो कायदा ठाऊक होता. कोणीतरी फिसकन हसलं.

"आरसा बघितला होतास का वळताना?" मास्तरांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"बाबा, समितीपुढे..."

"बघितला होतास का?"

"नाही," धाकटा म्हणाला.

ताईला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. तीन महिने ती दादाला उगीच टोमणे मारत होती, याची लाज वाटली. आणि चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस स्वतःचं दुकान स्वतःच्या तोंडाने बुडवून भर दालनात उभा आहे, हे बघून तिला त्याची इतकी माया वाटली, की उठून त्याची कॉलर नीट करावीशी वाटली. पण ती अशी बाई नव्हती. तिने नाक शिंकरलं, आणि त्यावर भागवलं.

दादाही उभा राहिला. "आरसा मी बसवला नवीन. मला माहीत होतं. जुना आरसा आहे माझ्याकडे, व्हॅनचा पांढरा रंग लागलाय त्याला. आणू?"

न्यूट्रल गिअरमध्ये पडला म्हणून वहिनीने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं.

समिती शेजारच्या खोलीत गेली आणि वीस मिनिटांनी परत आली. आवारातून कोपऱ्यावर निघणारी वाट नामंजूर. संकुल हवं असेल तर गोदामाच्या मागच्या रुंद रस्त्यावरून वाट काढावी, मोजणी नव्याने करावी आणि सोमवार वगळू नये. "आणि," अध्यक्षीणबाई वही परत देत वहिनीला म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

*

मास्तरांचे गुडघे दुखत होते म्हणून दादा आणि वहिनी त्यांना घेऊन बसने निघाले. ताईने धाकट्याचं कोपर धरलं आणि त्याला जवळच्या वाटेने चालवत नेलं.

धाकट्याने रुमाल काढून तोंड पुसलं.

"माझं दुकान गेलं," मग तो म्हणाला.

"गेलं."

"तुला आवडतं ते आवार, ताई. मी वीस वर्षं त्यात अडकलोय. तू कधी विचारलंस?"

ताई चालता चालता थांबली. शिकवताना ती समोरच्याला कधी वाक्य पुरं करू द्यायची नाही, आणि घरीही तिने तेच केलं होतं. "नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलंच." मग चार पावलं गेल्यावर, "पुढच्या भिंतीला लागून ती पत्र्याची शेड आहे. जुने टायर भरलेत नुसते. सहा-सात स्कूटर राहतील तिथे. रस्त्यावरून दिसेलही."

"बाबा देतील?"

"बाबांना मी बघते." आणि स्वतःच्याच शब्दावर हसून तिने दुरुस्ती केली. "सांगते. बघते नाही, सांगते."

आवारात शिरल्यावर त्याला वाटलं सुटलो. पण ताईने खुंटीवरून चार नंबरची किल्ली काढली आणि लाल पाटी त्याच्या हातात दिली.

"आज? अगं, सुट्टी आहे!"

"कायद्याला सुट्टी नसते. बस. सीट पुढे घे. पट्टा. आरसे बघ. तिन्ही!"

गाडी फाटकाबाहेर पडली. वीस वर्षं लोकांना शिकवणारा धाकटा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून दहाच्या वेगाने निघाला. कोपऱ्यावर सोमवार जोरात होता. गाड्या एकामागून एक सुसाट येत होत्या. आणि पलीकडे, बसच्या थांब्याजवळ, काठी टेकून मास्तर उभे होते. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला वहिनी. काठी एक पाऊल पुढे येई, गाडी सूं करून जाई, काठी मागे जाई. सोमवारी मास्तरांना रस्ता ओलांडायला नेहमी पुढच्या सिग्नलपर्यंत चारशे पावलांचा वळसा पडायचा, आणि आज ते गुडघे चारशे पावलांचे नव्हते.

धाकट्याने गाडी वळणात घातली. मागे ब्रेक वाजले, एक हॉर्न, दुसरा हॉर्न.

"ताई," तो समोर बघत म्हणाला, "बंद पाडू?"

एकतीस वर्षांत हजारो माणसांना तिने एकच गोष्ट बजावली होती, की वळणावर काहीही कर, पण गाडी बंद पाडू नकोस.

"पाड," ताई म्हणाली.

त्याने क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि रस्त्याच्या मधोमध गप्प उभी राहिली. तिच्या मागे सगळा सोमवार थांबला. मास्तरांनी दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, काठी पुढे टाकली आणि शांतपणे रस्त्यात उतरले. गाडीपाशी आल्यावर त्यांनी बॉनेटवर काठीने दोनदा टकटक केलं.

"क्लच घाईने सोडलास," ते धाकट्याला म्हणाले. "नापास. उद्या परत."

आणि हसू दाबत ते फाटकाकडे चालू लागले. मागचे हॉर्न आता एकसुरात वाजत होते. धाकटा किल्लीकडे हात नेऊन ताईच्या हुकमाची वाट बघत होता.

"थांब, त्यांना आत जाऊ दे," ताई म्हणाली. तिने मागे वळून रांग पाहिली आणि सवयीने मोजायला लागली. या वेळी आपली गाडी सोडून.